फक्त रविवारी

यशवंत डॉक्टर गेल्याचं वहिनींनी मला फोनवर सांगितलं. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. दवाखान्यात पेशंटांची नावं पुकारायचं आणि केसपेपर काढून द्यायचं काम तीस वर्षं त्यांनीच केलं. सकाळचे साडेआठ झाले असतील. मी पोहे भिजवायला घेतले होते. "गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. एसटी स्टँडवर आयुष्यभर माइकवर ओरडणारा माणूस मी, पण काही न विचारता फोन ठेवून दिला. पोहे संध्याकाळपर्यंत तसेच चाळणीत पडून राहिले.

याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात त्यांच्याविषयी बरंच लिहून आलं, शोकसभा झाली, देवमाणूस वगैरे म्हणून झालं. त्यातलं खोटं काही नाही. पण मला लिहायचंय ते वेगळं आहे. माझी बायको शालन अकरा वर्षांपूर्वी गेली. तिच्या मृत्यूबद्दलची एक गोष्ट मला डॉक्टरांना सांगायची होती. ती सांगितली असती, तर त्या माणसाची शेवटची अकरा वर्षं हलकी गेली असती. मी सांगितली नाही. हा मजकूर पेपरला देण्याआधी पुण्याला मुलीला, वैशालीला, फोनवर वाचून दाखवला. तिनं फोन ठेवून दिला. अजून बोललेली नाही.

आमची ओळख चंदगडच्या गाडीमुळं झाली. मी कोल्हापूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी रोज, कुठली फक्त बाजारच्या वारी, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. चंदगडची पहिली गाडी लागली की चार-सहा माणसं हमखास माझ्या खिडकीशी यायची. कुणाच्या काखेत भाताची पिशवी, कुणाच्या हातात काजूची पुडी. "पावणं, यशवंत डाक्टरचा दवाखाना कुटं आला?" डॉक्टर तरुणपणी तिकडं सरकारी दवाखान्यात होते. पुढं कोल्हापुरात आले, पण तिकडच्या माणसांनी काही त्यांना सोडलं नाही. तीन-साडेतीन तास हाडं खिळखिळी करून घेऊन यायची. रोज रोज पत्ता सांगून मी वैतागलो, आणि हा कोण एवढा मोठा लागून गेलाय ते बघावं म्हणून एकदा साधा खोकला घेऊन गेलो.

एकच खोली. टेबलाच्या डाव्या अंगाला, डॉक्टरांच्या गुडघ्याशी गुडघा लागेल असं एक लाकडी स्टूल. पेशंटनं तिथं बसायचं, मध्ये टेबल नाही. तपासून झालं, औषध लिहून झालं, की डॉक्टर पेनाला टोपण लावायचे आणि म्हणायचे, "आता तुम्ही सांगा मला. मी काय सांगितलं?" मग पेशंटनं आपल्या शब्दांत सगळं परत सांगायचं. काय झालंय, कुठली गोळी कधी, काय झालं तर लगेच परत यायचं. चुकलं की डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून. जमलं की म्हणायचे, "बरोबर. या आता." माझ्या आधी एक म्हातारी होती, ती भडकली. "साळंत बी कुनी येवडं इचारलं न्हाई मला! तुमी लिवलंय न्हवं, मग झालं की." तिच्या मुलानं मध्ये तोंड घातलं, तर डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला न्हाई विचारलं. गोळी आजीच्या पोटात जाणार हाय." म्हातारीनं शेवटी घडाघडा म्हणून दाखवलं आणि जाताना माझ्याकडं अशा दिमाखात पाहिलं, की जणू पहिला नंबर आलाय.

हळूहळू त्यांचा स्वभाव कळत गेला. माणूस मवाळ, पण एका बाबतीत दगड. एकदा मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि शिरोळकडचा एक तालेवार बागायतदार आत आवाज चढवत होता. सुनेच्या तपासणीत काय निघालं ते त्याला हवं होतं. "म्या सासरा हाय तिचा! मी आणलंय तिला हितं!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आणलंत ते चांगलं केलंत. रिपोर्ट तिचा आहे. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगंल." तो दारं आपटत गेला. सून मागं थांबली होती. डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं, वहिनींना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. काय निघालं होतं ते मला आजतागायत माहीत नाही. पुढं आमची दोस्ती झाली, दर गुरुवारी संध्याकाळी दवाखाना संपल्यावर चहा व्हायला लागला, पण कुणा पेशंटचं नाव त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

शालन प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पन्नाशीत तिला संधिवातानं धरलं. सकाळी बोटं वाकायची नाहीत, खडू हातातून सुटायचा. वर्गातल्या पोरांसमोर खडू खाली पडतो याची तिला फार लाज वाटायची. मी तिला डॉक्टरांकडं नेलं. त्या दिवशी दवाखाना तुडुंब भरलेला, चंदगडची गाडी उशिरा आलेली आणि माणसांना परतीची गाठायची घाई. घाई मलाही होती, दुपारची ड्युटी होती. डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहिल्या. दोन रोजच्या. तिसरी, पिवळी, आठवड्यातून एकदाच. "ही फक्त रविवारी, ताई. इतर वारी हात लावायचा नाही. रोज घेतली तर अंगात रक्त तयार व्हायचं थांबतं." केसपेपरवर आणि आम्हाला दिलेल्या चिठ्ठीवरही लिहिलं, 'फक्त रविवारी', आणि खाली दोन रेघा मारल्या. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी घड्याळ बघत उभाच होतो. म्हणालो, "डॉक्टर, ती मास्तरीण आहे. तिला काय विचारताय, तीच तुमची परीक्षा घेईल." डॉक्टर हसले. "तेही खरंच," म्हणाले. "या आता."

त्यांनी परत विचारलं नाही, असं त्यांच्या दवाखान्यात मी तेवढं एकदाच पाहिलं.

शालनला पाकिटातून गोळी फोडता यायची नाही, बोटं दुखायची. म्हणून रोज सकाळी मीच गोळ्या काढून वाटीत ठेवायचो. तिन्ही. रोज. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ती वाटीत बघत म्हणाली, "आवं, ही पिवळी आयतवारीच म्हणालं न्हवं डॉक्टर?" मी दाढी करत होतो. आरशातून मानही वळवली नाही. म्हणालो, "औषधाला कुठं वार असतोय व्हय? घे गप." तिनं घेतली. तीस वर्षं मी सांगितलेलं ती ऐकत आली होती, त्यात हे एक. वारांचं वेळापत्रक पाठ असलेल्या माणसानं हे म्हटलं. चिठ्ठी कपाटात होती, उठून बघायला अर्धं मिनिट लागलं नसतं...

तिसऱ्या आठवड्यात तिचं तोंड आलं. आम्हाला वाटलं उष्णता. मी तूप लावायला दिलं. मग ताप, मग हिरड्यांतून रक्त. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं मागितली, उरलेल्या पिवळ्या गोळ्या पाहिल्या आणि विचारलं, "ही रोज द्यायला कुणी सांगितलं?" वैशाली माझ्या शेजारी उभी होती. यशवंत डॉक्टर निरोप मिळताच धावत आले होते, तेही तिथंच. मी म्हणालो, "आम्हाला कुणी समजावून सांगितलंच नाही." हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. भीतीतून आलं. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. शालन त्यानंतर चार दिवस होती. तोंडात जखमा, तिला बोलता येत नव्हतं. बोलता आलं असतं तरी तिनं माझं नाव घेतलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे आणि तेच सोसवत नाही.

दिवसकार्य झाल्यावर डॉक्टर घरी आले. हातात शालनच्या केसपेपरची प्रत होती. वैशालीसमोर ठेवून म्हणाले, "बेटा, तुझी आई माझ्या चुकीनं गेली. तुला तक्रार करायची असेल तर हा कागद लागेल." केसपेपरवर 'फक्त रविवारी' तर होतंच, त्याखाली त्यांनी नंतर आपल्या हातानं लिहिलं होतं : 'रुग्णाकडून परत वदवून घेतले नाही. चूक माझी.' खाली सही. नात्यातल्या एका वकिलानं कागद पाहून सांगितलं, डॉक्टरांची कायद्यानं काही चूक नाही, त्यांनी सांगितलंय आणि लिहिलंयही. डॉक्टर म्हणाले, "लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, आणि सांगितलं म्हणजे समोरच्याला कळलं असं होत नाही. ते बघायचं काम माझं होतं." एवढ्या वेळात मी काय केलं असेल? पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यासमोर ठेवला. तक्रार नको म्हणालो. माझ्या मोठ्या मनाची भावकीत, स्टँडवर, सगळीकडं चर्चा झाली. वैशालीनं मात्र डॉक्टरांशी पुन्हा शब्द बोलायचा नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. चुकीच्या माणसाशी.

पुढं डॉक्टरांनी कितीही गर्दी असो, कुणालाही परत सांगायला लावल्याशिवाय उठू दिलं नाही. वकील असो, प्राध्यापक असो, खुद्द डॉक्टर असो. पेशंट वैतागायचे, दवाखाना दुपारी तीन-तीनपर्यंत चालायचा, डॉक्टरांचं जेवण राहायचं. शालनच्या दर वर्षदिवसाला ते घरी यायचे. तिच्या फोटोसमोर पाच मिनिटं उभे राहायचे आणि जायचे. गुरुवारचा चहाही थांबला नाही. दर गुरुवारी मी आज सांगायचं असं ठरवून जायचो आणि राजकारणावर बोलून परत यायचो.

शेवटची भेट त्यांच्या घरी. हृदय थकलं होतं, उशांना टेकून बसले होते. इकडचं तिकडचं झालं आणि एकदम म्हणाले, "कंट्रोलर, एक विचारू? राग धरू नका."

"विचारा की."

"त्या दिवसांत शालनताईंनी कधी तुम्हाला काही विचारलं होतं का? त्या गोळीबद्दल?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. वैशाली नव्हती, वकील नव्हता, भावकी नव्हती. सांगायला यापेक्षा चांगली वेळ देवानंही दिली नसती. मी म्हणालो, "न्हाई."

"काहीच नाही?"

"न्हाई हो."

ते बराच वेळ पांघरुणाची किनार चाचपत राहिले. "मला उगाच आशा होती..." म्हणाले. "हुशार बाई होत्या. वाटायचं, त्यांना कळलं असंल. काहीतरी दुसरंच झालं असंल." मग हसायचा प्रयत्न करून म्हणाले, "चहा घेऊन जा. आज गुरुवार आहे." मी चहा घेतला! त्यांच्या घरी, त्यांच्यासमोर बसून, सगळा चहा प्यायलो. त्यानंतर नऊ दिवसांनी वहिनींचा तो फोन आला. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

गेल्या आठवड्यात वहिनींनी दवाखान्यात बोलावलं. जागा सोडायची आहे, आणि डॉक्टरांनी जाण्याआधी बजावून ठेवलं होतं की केसपेपर रद्दीत घालायचे नाहीत. कागद पेशंटचा आहे, ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, नाहीतर जाळायचा. वहिनींनी गावागावांचे गठ्ठे बांधले होते. चंदगडचा गठ्ठा सगळ्यात उंच. शालनचा कागद कुठल्याच गठ्ठ्यात नव्हता. तो त्यांनी टेबलाच्या पहिल्या खणातून, स्टेथोस्कोपखालून काढला. घड्यांवर पार विरला होता. किती वेळा उघडला असेल...

 समोर स्टूल होतं, त्यावर बसलो.

"वहिनी, शालनला कळलं होतं," मी म्हणालो. आणि मग वाटी, आरसा, दाढी, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी शेवटी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. वहिनी उभ्याच होत्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे ह्यांना सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आशा लावून बसलेवते ते."

मी मान खाली घातली. वहिनी टेबलाला वळसा घालून डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना त्या खुर्चीत मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांच्या पेनाचं टोपण काढलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "ह्यांनी लिहिलंय, त्याच्या खाली लिहा."

 मी लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. वहिनींनी पेन घेतलं आणि टोपण लावलं. कागद त्यांच्या डोळ्यांसमोरच होता, अक्षर स्वच्छ दिसत होतं. तरी त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "आता सांगा मला. काय लिहिलंत?"

मी सांगायला लागलो आणि 'रविवारी' या शब्दापाशी अडलो. त्या थांबल्या. मी परत पहिल्यापासून सांगितलं. "गोळी रविवारी घ्यायची होती. फक्त रविवारी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शालनला कळलं होतं. तिनं मला विचारलं. मी ऐकलं नाही."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या. "या आता."

मी स्टूल होतं तिथं सरकवून ठेवलं आणि बाहेर आलो.