शंभर मोजणारा माणूस

माझ्या रक्ताला माझ्यापेक्षा जास्त ओळखणारा माणूस या जगात एकच झाला, आणि तो ना आमच्या दिवाळे गावचा, ना नात्यातला, ना मासळी खाणारा. बेलापुरात सिडकोच्या नव्या इमारती उठत होत्या तेव्हा एका गाळ्यात बारीक बघायची दुर्बीण मांडून तो लोकांचं रक्त तपासायचा. आम्ही त्याला रक्तवालाच म्हणायचो. भेटला की रामराम नाही. सरळ समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचा. काचेवरच्या पांढऱ्या पेशी शंभर भरेपर्यंत मोजायचा. मधे कोणी खोकलं की पुन्हा एकपासून. ही खोड बाहेरही सुटली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता मुठीत ठेवून त्यानं शंभर पाहुणे मोजले आणि रिपोर्ट दिला, "साठ टोप्या, तीस बोडके, दहा नुसते जेवायला आलेले." व्याही अजून विचारतात, ते दहा कोण.

एकदा शिंगाळा माशाचा काटा माझ्या पायात मोडला. मी हळद दाबून बसलो. पाय भोपळ्यागत सुजला, ताप चढला, डॉक्टर म्हणाले अ‍ॅडमिट व्हा. मी कसला होतोय! बायकोनं गुपचूप रक्तवाल्याला घरी आणलं. बोट टोचून गेला आणि संध्याकाळी सांगून गेला, पांढऱ्या पेशी दुप्पट झाल्यात.

"बघ, हाय ना ताकद अंगात!" मी बायकोला म्हटलं. "पेढे आन." आळीभर वाटले.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा बोट टोचलं. संध्याकाळी आला, पेढा घेतला, पण रुमालात बांधला.

"नाखवा, होडी वादळात अडकली तर सोडवायला कोण जातं?"

"जानती मानसं."

"ती पुरली नाहीत तर? मिसरूड न फुटलेली पोरं?"

तशी वेळ गावावर एकदाच आलेली. त्या पोरांत मी होतो.

"तुमच्या हाडांनी आज कोवळ्या, अर्ध्या वाढलेल्या पेशी रक्तात सोडल्यात. शंभरात पंचवीस. तीनदा मोजल्या. आत जाणती उरली नाहीत, नाखवा."

मी बायकोला म्हटलं, "टेम्पो बोलव."

दवाखान्यात तो रोज यायचा. सहाव्या दिवशी म्हणाला, "पोरं घरी गेली." मग रुमाल सोडून तो दगड झालेला पेढा कडाकडा खाल्ला.

पाय वाचला. आता त्या गाळ्यात चपलांचं दुकान आहे आणि तो कुठं आहे ठाऊक नाही. उपकार मानायची माझ्या तोंडाला सवय नव्हती, त्यालाही कधी बोललो नाही. म्हणून चौथी नापास हातानं हे लिहितोय. चुका पुष्कळ असतील. तो असता तर शंभरापर्यंत मोजल्या असत्या.