शटर कोणी ओढलं?

त्या दुपारी भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासच्या तळघरात धूर झाला. मागच्या जिन्याचं शटर कुलूपबंद होतं. एक विद्यार्थिनी वाचली नाही. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

कुलपाची किल्ली चौकीदाराच्या खुर्चीमागे, खिळ्यावर सापडली. तेवढ्यावर तो कोठडीत बसला. साठीचा माणूस, "मैंने नहीं, साहब" यापलीकडे त्याला काही बोलता येत नव्हतं. बाहेर लोकांची गर्दी होती आणि क्लासच्या मालकाला कोणाची तरी अटक लवकर हवी होती.

मग जबाब सुरू झाले आणि माझं डोकं फिरलं. मॅनेजर म्हणाला, "ताला लगा दिया गया था."

"किसने लगाया?"

"लगाया जाता था, साहब. नियम था."

"नियम के हाथ होते हैं क्या, भिया?"

इंग्रजीचे सर आमच्याच मराठी मंडळींपैकी, त्यांच्याकडून तरी सरळ ऐकायला मिळेल असं वाटलं. "शटर बंद करून दिलं जायचं ना साहेब, डिसिप्लिनसाठी."

"कोण करायचं?"

"स्टाफकडून व्हायचं."

हवालदार लिहिता लिहिता थांबला. "साहब, इसमें नाम कहाँ है?" दिवसभराच्या जबाबांत सगळं घडलं होतं आणि करणारा कोणीच नव्हता.

घरी मी चिडून हे पत्नीला सांगितलं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. ती म्हणाली, "पॅसिव्ह काही वाईट नसतो हो. रस्ता दुरुस्त केला गेला. कोणी केला, याने आपल्याला काय फरक पडतो? तिथे कर्ता सोडायचाच. पण कर्ता तुमच्यासमोर चहा पीत बसलाय आणि वाक्यात नाही, तर त्याला कोणीतरी मुद्दाम उठवलंय." ती आता नाही. तिच्या या वाक्याइतकं उपयोगी मला प्रशिक्षणात कोणी काही सांगितलं नाही.

पण एवढ्याने कोणाला आरोपी करता येत नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. "अंकल, चौकीदार काका तो आगे बैठते हैं, पीछे आते ही नहीं. आप बस सर को एक बार पढ़ाते हुए देख लो." नाव न सांगता तिने फोन ठेवला.

मी घटनास्थळी त्याच बॅचला त्याच बाकांवर बसवलं. पंच उभे केले. सरांना म्हणालो, "त्या दिवशी जे शिकवत होता, तेच शिकवा. काही वगळू नका."

त्या दिवशी ते पॅसिव्ह व्हॉइसच शिकवत होते. हा धडा आला की मुलं मागच्या जिन्याने पोहे खायला सटकायची, हे मला नंतर कळलं. सर आधी अडखळले, मग फळ्यासमोर त्यांचा आवाज नेहमीचा झाला. "कर्म आधी आणा. कर्ता शेवटी. नको असेल तर सोडून द्या." बोलत बोलत ते बाकांमधून मागे गेले. एक हात वर गेला, शटर खडखडत कमरेपर्यंत आलं. दुसरा हात पँटच्या खिशात किल्ली शोधत होता.

तेव्हा ते थांबले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "रोज ऐसे ही, साहब. ताला लगाके चाबी जेब में."

त्यानंतर मॅनेजरने नावं घेतली. धुरात सर पुढच्या दाराने बाहेर पडले, किल्ली त्यांच्या खिशातच होती. मालकाच्या सांगण्यावरून ती खिळ्यावर टांगली मॅनेजरने.

माणूस तोंडाने स्वतःला वाक्यातून काढून टाकतो, हाताला ते जमत नाही. पुढे प्रत्येक तपासात मी जबाब कमी ऐकले आणि माणसाला त्याचं रोजचं काम करताना जास्त पाहिलं.

चौकीदार सुटला आणि गावी गेला. सर, मॅनेजर आणि मालक जामिनावर आहेत. प्रत्येक तारखेनंतर, जी वाचली नाही त्या मुलीचे वडील मला फोन करतात. मी निवृत्त झालो आहे, हे त्यांना माहीत आहे.