माझ्या कागदावर गोचीड लिवा

"साडी वर घे," डॉक्टर म्हनला. "आनखी वर. लाजायलीस कामून? इथं सगळे डॉक्टरच हायेत."

सगळे डॉक्टर म्हंजे सहा शिकाऊ पोरं-पोरी. पांढरे कोट, गळ्यात नळ्या. माझ्या लेकीच्या वयाची. कलबुर्गीचा मोठा दवाखाना. मी साडी गुडघ्याच्या वर धरून स्टुलावर उभी. आठ दिसाचा ताप अंगात, आन ह्यो मानूस मला पाठमोरी हो म्हनायला.

गुडघ्याच्या मागं कावेच्या रेघा व्हत्या. काव म्हंजे लाल माती. माझ्या सासूनं उगाळून लावली व्हती. डॉक्टरनं कापसाचा बोळा पान्यात बुडवला, दोन बोटात धरला आन रेघ पुसली. लाल झालेला बोळा उचलून पोरांना दाखवला.

"नोडी," म्हनला, "रोगा होयतु." बघा, रोग गेला.

पोरं हसली. मग तो त्यांच्याशी कन्नडातच बोलत राहिला. त्याला वाटलं, ही मराठी बाई, हिला काय कळतंय. "इवरिगे केलसा बेडा, रजे बेकु." ह्यांना काम नको, रजा पायजे. अवो, औराद तालुक्यातली बाई मी. बाजार कन्नडात करते, भांडन दखनी उर्दूत करते, रडते तेवढं मराठीत. मला अक्षर न् अक्षर कळलं.

आन मी काय केलं? साडी खाली सोडली आन त्याला हात जोडले. सवय. आईनं लावलेली, तिला तिच्या आईनं लावलेली. मोठा मानूस दिसला की हात आपसूक वर येतेत. त्याच्या हसन्याचा राग येतो. पन त्या जोडलेल्या हातांची लाज वाटते. आजबी वाटते.

आमची वस्ती संतपूरच्या पल्याड. धनगराचं घर. आजा मेंढरं घेऊन पार तेलंगनात उतरायचा. आता दीड एकर रान हाय आन मेंढरं उरली तीसेक. मी गावच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवन रांधते. बिसिऊट म्हनतेत आमच्याकडं. भात, सांबार, कधी उपीट. तेरा वर्सं झाली. त्या शाळेत पोरं मला अम्मा म्हनतेत. मास्तर लोक इचारतेत, अम्मा आज काय केलंय. घरात मला असं कोन इचारतंय? ते काम गेलं तर मी कुनाचीच कुनी न्हाई, ही गोष्ट आधीच सांगून ठेवते. म्हंजे पुढचं कळंल.

गोचीड आमाला नवी न्हाई. मेंढरं चारून आलं की सांजच्याला एकमेकीच्या अंगावर बघायचं, नखानं उपटायची, चुलीत टाकायची. तट्ट वाजते. तशीच एका सांजच्याला माझ्या गुडघ्यामागची एक सासूनं काढली. बारकी, तिळाएवढी. चुलीत गेली. गोचीड काय कोनी डबीत ठेवतंय व्हय?

आठ-दहा दिसानं तिथं लाल चट्टा उठला. वाढत वाढत तळहाताएवढा झाला. कड लाल, मधी फिकट. सासूनं बघितलं आन तिचा चेहराच उतरला. नागीन हाय म्हनली. नागिनीचं तोंड आन शेपूट जुळलं की मानूस जातंय, असं आमच्यात मानतेत. आन माझ्या चट्ट्याचा तर पुरा गोल झाल्ता. मग तिनं काव उगाळली, गोल तोडायला आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, वर आनखी एक लेप. पाच दिस रोज. माया व्हती तिची. पन डॉक्टरला जी निशानी दिसायला पायजे व्हती, तीच आमी रंगवून झाकली. ही चूक आमची. मी लपवत न्हाई. पन पुसल्यावर खाली लाली उरलीच व्हती की. त्यानं वाकून बघितलंच न्हाई. कावेचा डाग म्हनला. ही चूक त्याची. ती मातर कुनी कबूल करत न्हाई.

ताप उतरला, चट्टा गेला. सासू खुश झाली, नागीन गेली म्हनली. डॉक्टर तर आधीच खुश व्हता. फक्त मी काही बरी झाले न्हाई.

दोन महिन्यानं उजवा गुडघा सुजला. मग कमी झाला. परत सुजला. सकाळी उठले की अंगात जीवच न्हाई, सारा दिस डोक्यात धुकं. सांबाराचा डबरा उचलाया गेले आन हात सुटला. नशीब, पोरं लांब व्हती. माझ्यासंगट रांधनारी अक्का माझंबी वझं उचलायली. पयला महिना मायेनं. दुसऱ्या महिन्यात गप्प गप्प. तिसऱ्या महिन्यात म्हनली, "मलाबी कंबर हाय, बाई."

तिचं काय चुकलं? काय न्हाई.

नवरा म्हनायचा, डॉक्टरनंच सांगितलं ना काय न्हाई म्हनून, मग ऊठ की. लेक फोनवर म्हनायची, आई, टेन्शन घेऊ नको. शेजारीन म्हनायची, वरून तर चांगली दिसायलीस. ह्येच तर मरन हाय. हात मोडला असता तर पट्टी दिसली असती. माझं दुखनं दिसत नव्हतं आन सांगितलं तर नाटक व्हायचं. सांगितलं न्हाई तर डबरा उचल. कुठूनबी जा, दार बंद. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, आपनच कामचुकार असू. डॉक्टर शिकलेला हाय. एवढी पोरं हसली, ती काय उगंच हसली? मी रडायचेसुदीक न्हाई. रडायलाबी कायतरी खरं दुखावं लागतंय, असं वाटायचं.

हेडमास्तर सर वाईट मानूस न्हाईत. पन त्यांनी बोलवून सांगितलं, एकतर काम कर, न्हाईतर मोठ्या दवाखान्याचा कागद आन. काय रोग हाय ते लिवून पायजे. त्याबिगर हलकं काम देता येत न्हाई.

त्याच आठवड्यात आमच्या तीन मेंढ्या तापल्या. गुरांचे डॉक्टर फटफटीवर आले. मी भिताडाला टेकून बसले व्हते. त्यांनी वही काढली आन नवऱ्याला इचारायला लागले. कवापासून खात न्हाई? कुठल्या रानात चरली? गोचिड्या व्हत्या का? किती दिस झाले? आधी ताप का आधी लंगडली? नवरा सांगायला, ते लिवायले. कानाला बिल्ला असलेली, शिंग मोडलेली, काळ्या तोंडाची. तिघींची येगळी येगळी हकीकत.

मी बघायले. बघता बघता माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेंढीची हकीकत लिवायला मानूस घरी येतोय. मेंढी नाटक करायलीय असं तो म्हनला न्हाई. मला मातर एकानंबी इचारलं न्हाई, बाई, कवापासून? आधी काय झालं?

मी उठले, त्यांच्याजवळ गेले आन माझं सगळं सांगितलं. ते आधी वरमले. म्हनले, ताई, मी जनावरांचा डॉक्टर, माझ्यानं औषिद देता येनार न्हाई. पन ऐकलं त्यांनी. गोचिडीपासून मानसालाबी रोग व्हतेत म्हनले. एकाचं नाव लाइम. चट्टा गोल असतो, मग सांधे धरतेत. येळेवर गोळ्या मिळाल्या तर बहुतेक लोक बरे व्हतेत. पन भांडन लई हाय. कुनी डॉक्टर म्हनतेत, इकडं त्यो रोगच नसतो. कुनी म्हनतेत, असंल बी, कुनी धड तपासलंय? गोळ्या झाल्यावरबी वर्सानुवर्सं दुखतंय म्हनून परदेशात रोगी भांडायलेत. डॉक्टर म्हनतेत, त्यो रोग संपला, हे दुसरंच कायतरी. "तुला तेच झालंय असं मी म्हनत न्हाई," ते म्हनले. "पन गोचिडीचं सांग. ते सांगितल्याबिगर कुनाला कळनार?"

मला काय लागलं सांगू? रोगाचं नाव न्हाई. तेवढ्या दूरदूरच्या लोकांनाबी खोटं ठरवलंय, हे लागलं. म्हंजे मी एकटी येडी न्हाई.

परत गेले. तोच दवाखाना, तोच डॉक्टर. त्यानं मला वळखलंसुदीक न्हाई. गुडघा दाबला, रक्त तपासायला दिलं, चार दिसानं परत बोलवलं. रक्तात कायबी न्हाई म्हनला, कागद भरला आन माझ्याकडं सरकवला. मी धाव्वी पास हाय, इंग्रजी अडखळत का व्हईना वाचते. रोग न्हाई, मनाचा तान, कामास योग्य.

मी कागद उचलला न्हाई.

"साहेब," म्हनले, "मेंढराची गोचीड चावली व्हती. ते लिवा."

त्यानं वर बघितलं. गोचिडीचा तसला रोग इकडं नसतो म्हनला. मोबाईलवर बघून येतेत आन डोकं खातेत म्हनला.

"रोगाचं नाव मी सांगत न्हाई. ते तुमचं काम हाय. गोचीड चावली, गोल चट्टा उठला, ताप आला, मग गुडघा सुजला. हे माझ्या अंगावर झालंय. ते लिवा."

"मेंढरामागं हिंडनारीनं मला शिकवायचं?"

"व्हय," म्हनले. "मेंढराचं लिवतेत. माझं बी लिवा."

हात मांडीखाली दाबून बसले व्हते. जोडायला वर येऊ नयेत म्हनून. शिपाई आला, ऊठ म्हनला. मागची लाईन ओरडायली, बाई, आमालाबी जायचंय. त्यांचंबी खरं. पन मी उठले न्हाई. डॉक्टरच उठला, च्या प्यायला गेला. दीड तासानं दुसऱ्या खोलीत बसून लोक बघायला लागला. माझा कागद टेबलावर तसाच. मी तो तिथंच सोडला. जे खोटं हाय त्याला हात लावायचा न्हाई.

जिंकले का? न्हाई जिंकले. गुडघा आजबी सुजतो. मला नेमकं काय झालंय, मला ठाव न्हाई. तुमालाबी खोटं सांगनार न्हाई. लाइम असंल, नसंल. दुसरंच कायतरी असंल. पन हाय. माझ्यात हाय.

आज हेडमास्तर सरांनी टाईप केलेला कागद पुढं ठेवला. मी स्वखुशीनं काम सोडते, असा. खाली सहीची जागा. बघ, तुझ्याच भल्यासाठी म्हनले, काढून टाकन्यापेक्षा बरं दिसतंय. अक्का दाराशी उभी व्हती, तिनं मान खाली घातली.

मी सही केली न्हाई. शाळेतलाच कोरा कागद मागितला आन तिथंच बाकावर बसून लिवलं. बोटं आखडलेली, अक्षर वाकडं. कुठल्या रानात, कवा, कुठं चावली. चट्टा केवढा व्हता. काव आमी लावली, तेबी लिवलं. दवाखान्यात मला कसं उभं केलं, डॉक्टर काय म्हनला, कन्नडातलं कन्नडात. मला हलकं काम द्या, मी काम सोडलेलं न्हाई. खाली सही, पुरं नाव.

सर म्हनले, ठेव, बघतो.

"ठेवत न्हाई," म्हनले. "वर पाठवा. आन मला शिक्का मारून पोच द्या."

सर म्हनले, असल्या कागदाची पोच नसते. मग मी त्यांच्यासमोरची खुर्ची वढली आन बसले. ह्या शाळेत तेरा वर्सं रांधलं, त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. दुपार झाली, पोरं ताटं घेऊन गेली. सर दोनदा बाहेर जाऊन आले. सांजच्याला शाळेला कुलूप लावायचं म्हनून उठवली मला.

उद्या परत जायलेय. पोच मिळंस्तोवर त्याच खुर्चीवर बसनार.