फॉर्म पूर्ण करून द्यावेत

माझी आत्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिलाईला आहे. दाभण आणि मेण लावलेला दोरा हाच तिचा खरा संसार. आपला नंबर त्यानंतर लागतो, असं आतोबा स्वतःच सांगतात.

तिला तिथे बावीस वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. जुन्या मालकांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि त्यांची लेक खुर्चीवर आली. बाई शिकलेल्या, मोठ्या ऑफिसात काम केलेल्या. आल्या आल्या त्यांनी रेडिओ बंद केला, स्वतःसाठी काचेची केबिन बांधून घेतली आणि भिंतीवर पाटी लावली: कामाच्या वेळी बोलू नये. आता आमच्या आत्याला गप्प बसवायचं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण ठेवायचं. तिनं महिनाभर कळ काढली आणि मग मागच्या गल्लीतल्या बांधणीवाल्याला भेटून आली. त्याच्याकडे पाठ टेकायला खुर्ची होती आणि बोलायला बंदी नव्हती. एक तारखेपासून तिकडे जायचं ठरलं.

राजीनामा मी लिहून दिला. तिनं सांगितलेले निम्मे शब्द गाळले, कारण ते कागदावर शोभले नसते. सही करताना मात्र ती बराच वेळ पेन हातात धरून बसली. मला फार वाईट वाटलं. बावीस वर्षांची जागा सोडणं सोपं नसतं.

राजीनामा द्यायला आठवडा होता, तेव्हा तिच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा येऊन पडला. वर चिठ्ठी होती: 'सर्व फॉर्म बुधवारपर्यंत पूर्ण करून द्यावेत.' बांधणीत फॉर्म म्हणजे छापील पानांची घडी. फॉर्म पूर्ण करायचा म्हणजे दुमडायचा, टोचायचा, शिवायचा. आत्यानं कागद चाळले. प्रत्येक प्रश्नाखाली नुसती टिंबं. छपाई अर्धवट राहिली असावी, असं तिला वाटलं. पण विचारणार कोणाला, समोर पाटी. तिनं मंगळवारीच सगळं शिवून, कडा कापून, निळ्या कापडाची पाठ लावून केबिनमध्ये नेऊन दिलं.

ती कामगारांच्या समाधानाची प्रश्नावली होती. चाळीस जणांनी भरायची होती.

बाई पुस्तक घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. हे काय केलंत, असं त्यांनी विचारलं.

"तुम्ही फॉर्म पूर्ण करायला सांगितलेत, मॅडम. इथं फॉर्म म्हणजे हेच," आत्या म्हणाली. "शंका आली होती. पण बोलायचं नाही ना."

बाईंनी पाटीकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. हसू आवरेना म्हणून त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. मग पुस्तक उघडून त्यांनी पहिलाच प्रश्न मोठ्यानं वाचला.

"तुमच्या वरिष्ठांना तुमच्या कामाची नीट माहिती आहे का?"

बाईच म्हणाल्या, "नाही." आत्याकडूनच पेन्सिल घेऊन त्यांनी तसं लिहिलं. मग त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. वडील एवढी वर्षं घरी तुमचंच नाव काढायचे, मला वाटायचं उगीच कौतुक करतात, असं त्या हळूच बोलून गेल्या. आत्या उगाच दोऱ्याला मेण लावत राहिली.

"असं शिवायला शिकायला किती दिवस लागतात?" बाईंनी विचारलं.

"दिवस? नीट हात बसायला दोन वर्षं जातात."

"मग मला कोण शिकवेल?"

"मीच की. दुसरं कोण आहे इथं?"

बोलून झाल्यावर आत्यानं जीभ चावली. पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

याला आता सहा वर्षं होतील. मागच्या गल्लीतला बांधणीवाला रस्त्यात भेटला की अजून विचारतो, कधी येताय म्हणून. आत्या त्याला सांगते, आमच्या मॅडमचा टाका अजून तिरकाच जातो.