डाव्या हाताचा ठेका

दाराला बेल असताना दारावर बोटांनी ठेका धरणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? आमच्या शेजारचे डॉक्टरकाका तसे होते. बेल वाजली की आतला माणूस दचकतो आणि ठेका ऐकला की नाचत येतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात कोणी कधी नाचत गेलं नाही, पण दारावर ठेका पडला की मी हातातलं काम टाकून जायची, हे खरं.

इंग्लंडमधल्या वॉटफर्डला आमची घरं एकमेकांना चिकटलेली होती. आता त्या घरात दुसरं कुटुंब राहतं. काका-काकू मुलीजवळ मेडनहेडला गेले. पण मी सांगतेय तेव्हा काका इथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारे कन्सल्टंट होते. पाठीच्या मणक्यात सुई घालायची, तीही कळा देणाऱ्या बाईच्या. त्या हातांवर त्यांचं सगळं आयुष्य चाललेलं.

आणि रविवारी तेच हात ड्रम वाजवायचे. गॅरेजमध्ये ड्रमसेट, म्हणून गाडी बिचारी बाहेर पावसात. भिंतींना काकूंच्या जुन्या रजया ठोकलेल्या. लॅपटॉपवर जुनं हिंदी गाणं लावायचं, ते हेडफोनमधून ऐकत सोबत वाजवायचं, समोरच्या माइकवर नुसते ड्रम रेकॉर्ड करायचे आणि मग गाणं व ड्रम एकत्र मिसळून ऐकायचे, असा तो कार्यक्रम. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांचं साउंड मी बघते, त्यामुळे हे मिसळणं त्यांना मीच शिकवलं होतं. नवीन मिक्स झालं की मला फाइल यायची. सोबत प्रश्न, "कोण भारी? तो की मी?" तो म्हणजे मूळ गाण्यात वाजवणारा.

तो, असं मी प्रामाणिकपणे कळवायची.

"Evidence काय?" लगेच उत्तर. हा त्यांचा लाडका प्रश्न. मंडळात कोणी म्हणालं, यंदा मसालेभात खारट झालाय, की evidence काय? काकू म्हणाल्या, तुम्हाला हल्ली ऐकू येत नाही, की evidence काय? "हाका मारून बसलेला माझा घसा," असं काकू म्हणायच्या आणि आम्ही हसायचो.

मग फाइली यायच्या थांबल्या. वाजवणं मात्र वाढलं. एकच गाणं, तेही अर्ध्यावर तोडून पुन्हा पहिल्यापासून. भिंतीपलीकडून मला ते सगळं ऐकू यायचं. वाजवण्यात गंमत उरली नव्हती, नुसती झटापट चालली होती.

एका रविवारी दारावर ठेका पडला नाही. चक्क बेल वाजली.

"गॅरेजमध्ये येतेस जरा?" काका म्हणाले. "आणि काकूला काही बोलू नकोस."

गॅरेजमध्ये गेल्यावर त्यांनी आतून कडी लावली. स्टुलावर बसले, हात मांड्यांखाली दाबून. परीक्षेला बसलेलं पोर दिसावं तसे दिसत होते.

"माझा मोठा भाऊ, साताऱ्याचा. त्याचं असंच सुरू झालं होतं. आधी हात slow झाला, मग कंप. Parkinson's. मी उशिरा पडतोय गं. गेल्या वाढदिवसापासून प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये. वाजवताना वाटतं, बरोबर बसलं. मिक्समध्ये ऐकलं की मागे. उद्या माझी ऑपरेशनची लिस्ट आहे. माझे कान मला फसवत असतील, म्हणून तू ऐक. तुलाही ऐकू आलं तर मी सुई हातात घेणार नाही. हॉस्पिटलला सांगून टाकेन."

"काका, पण neurologist ला…"

"दाखवणारच आहे. Appointment मिळेपर्यंत उद्याची बाई थांबणार आहे का?"

मी फाइल लावली. खरंच, सगळं मागे होतं. गाणं पुढे निघून जायचं आणि ड्रम त्याच्या मागून धापा टाकत यायचे. मी पुन्हा लावलं. जुन्या फाइली लावल्या. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मी मुद्दाम पडद्याकडे बघत होते.

मग एक गोष्ट खटकली. पाय मागे, उजवा हात मागे, डावा मागे, आणि सगळे अगदी सारखेच मागे. आजार कधी इतक्या समान वाटण्या करत नाही.

"काका, वाढदिवसाला काय मिळालं होतं?"

"हे हेडफोन. पिल्लूनं दिले. म्हणाली, बाबा, आता वायर नाही, तुमचे हात अडकणार नाहीत."

मला हसावं की रडावं कळेना. बिनवायरच्या हेडफोनमध्ये आवाज पोचायला किंचित वेळ लागतो. काकांना गाणंच उशिरा ऐकू येत होतं! ते कानाशी इमान राखून वाजवत होते आणि लॅपटॉप त्यांना उशिरा आलेला ठरवत होता. मंडळाच्या तालमीत हे बिनवायरचे हेडफोन मी कोणाला लावूच देत नाही. आणि हा शहाणा माणूस एका गॅझेटवरून स्वतःला Parkinson's लावून बसला होता. डॉक्टरांनी स्वतःचं निदान करू नये म्हणतात ते काय उगीच?

मी काकांना हे सांगितलं आणि घरून वायरवाले हेडफोन घेऊन आले. काका इतक्या जोरात हसत होते की काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काय झालं हो?"

"चहा टाक!" काका ओरडले. "आणि शिरा! केळं घालून!"

त्यांनी वायर लावून वाजवलं. काय वाजवलं म्हणून सांगू! मान डोलत होती, ओठ गाणं म्हणत होते. मी मिसळून लावलं. पायाचा ड्रम गाण्यावर नेमका बसला. उजव्या हाताची झांज नेमकी बसली. मी टाळी द्यायला हात पुढे केला.

काकांनी टाळी घेतली नाही.

"आता फक्त स्नेअर ऐक," ते म्हणाले. स्नेअर म्हणजे मधला, डाव्या हातानं वाजवायचा ड्रम.

मी ऐकला. एक ठोका जागेवर, दुसरा जागेवर, तिसरा जरासा घसरलेला. पुन्हा दोन बरोबर. मग एक उशिरा आणि दबका. सगळंच मागे होतं तेव्हा हे त्यात झाकलं गेलं होतं. आता बाकीचं सगळं जागेवर आलं आणि तो एकटाच उघडा पडला.

"तू सांग," काका म्हणाले. "माझं मी ऐकलंय."

नाही म्हणावंसं वाटलं. इतकं तर कोणाचंही घसरतं, वय झालं, हात थकले असतील, अशी चार वाक्यं तोंडाशी आली. पण उद्याची ती बाई, कोण कुठली, पाठ वाकवून बसलेली मला दिसायला लागली.

"काका, डावा अधूनमधून उशिरा येतोय."

मी ते वाक्य बोलले आणि मला माझाच भयंकर राग आला. काकांनी मान हलवली, शांतपणे, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"Good girl. वाईट वाटून घेऊ नकोस. घरात कोणी खरं बोललं नसतं."

कडी वाजली. काकू ट्रे घेऊन उभ्या होत्या. शिऱ्याच्या वाफेत त्यांचा चष्मा धुरकट झाला होता.

"सापडली का चूक, इतके दिवस एकच गाणं घासताय ते?" त्यांनी हसत विचारलं.

"सापडली," काका म्हणाले आणि ट्रे घ्यायला उठले. दोन्ही हातांनी घेतला.

शिरा आम्ही तिघांनी खाल्ला. काका काकूंना हेडफोनची गोष्ट रंगवून सांगत होते, काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या आणि माझ्या तोंडात घास फिरत होता.

दुसऱ्या दिवशी सोमवार. ट्रेन गाठायला मी बाहेर पडले. एरवी या वेळी काका केव्हाच हॉस्पिटलमध्ये पोचलेले असत. आज गाडी दारातच उभी होती, काचांवर अजून दव होतं. आणि गॅरेजमधून ड्रम वाजत होते.