मृगाची कमान आणि रिसॉर्टचे दिवे

आठवलं तरी डोकं तडकतं. पानशेतच्या वरच्या अंगाला, वेल्ह्याच्या डोंगरात एक धनगरवाडी आहे. तिथल्या एका काकूंच्या अंगणात मी हिवाळ्यातल्या अमावास्येला कॅमेरा लावायचो. मृग नक्षत्राभोवती तांबूस तेजोमेघाची एक कमान आहे, इतकी फिकट की नुसत्या डोळ्यांना जन्मात दिसायची नाही. कॅमेऱ्याला मात्र थोडी थोडी सापडते. रात्रभर एकाच जागेचे फोटो घ्यायचे, पुढच्या अमावास्येला पुन्हा तेच, आणि मग सगळे एकावर एक रचायचे. असं करत करत कमानीची वरची बाजू उमटली होती. खालची अजून कच्ची होती. तेवढी भरली की चित्र पुरं होणार होतं, आणि मला ते काहीही करून पुरं करायचं होतं.

गेल्या मार्गशीर्षात पोचलो तर समोरची टेकडी लग्नाच्या मांडवासारखी पेटलेली. हॅलोजन, दिव्यांच्या माळा, वर डीजेचा धुडगूस.

"हे काय झालं काकू?"

"रिसाट झालंय न्हवं! आमची शेरडं बी झोपंनात. तुमी शिकल्याली मानसं, तुमीच सांगून बगा. आमचं कोन ऐकतंय?"

तरी कॅमेरा लावला, काही फोटो काढून पाहिले. मृगाच्या जागी नुसतं पांढुरकं धुकट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सामान गुंडाळलं आणि तरातरा टेकडी चढून त्यांच्या गेटावर गेलो. तिथं हा भला मोठा फ्लेक्स, आणि त्यावर माझाच फोटो! मागे मी हौसेनं, वाडीच्या नावासकट, व्हॉट्सॲपवर टाकलेली तीच अर्धवट कमान. खाली लिहिलेलं, 'या, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.' डोळ्यांनी म्हणे! डोंबल दिसतंय डोळ्यांनी!

मालकाला बाहेर बोलावलं आणि चांगलं फैलावर घेतलं. तो जराही चिडला नाही, हेच जास्त झोंबलं.

"फोटो तुमचा? वा वा! अहो साहेब, हा फोटो बघूनच तर इथं जागा घेतली. पण अंधारात काहीच दिसेना हो! गिऱ्हाइकं बोंबलायला लागली, फसवलं म्हणून. मग काय करणार? दिवे लावले, डीजे आणला. आता खूश असतात सगळे."

मला शिव्या भरपूर सुचल्या, त्यातल्या दोन-तीन दिल्याही. त्यानं त्याही गोड मानून घेतल्या आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

"चिडू नका. फ्लेक्सवर तुमचं नाव टाकतो. फक्त असाच एक नवा फोटो काढून द्या, आमच्या गेटासकट."

"देतो," मी म्हटलं. "आधी सगळे दिवे बंद करा."

तो अगदी मनापासून हसला. "अहो, मग गेट कसं दिसणार?"