वंदनेची अर्धी मेणबत्ती

गरम मेणाचा वास आला की मला आखातातल्या आमच्या अझैब्यातला स्केटपार्क आठवतो. नववीत होते मी. पायऱ्यांलगतच्या उतरत्या लोखंडी दांड्यावरून मला स्केटबोर्ड घसरवत खाली यायचं होतं, पण बोर्ड मध्येच अडायचा आणि मी सिमेंटवर आपटायचे. दांड्याला मेण चोळतात हे कळलं, तेव्हा घरातली बुद्धवंदनेची अर्धी जळलेली मेणबत्ती मी उचलली. ती शोधत आई पार्कात आली, आणि नेमकी तेव्हाच मी तिसऱ्यांदा पडले. बाबांच्या ऑफिसातले एक काका तिथे चालायला यायचे. ते आईला म्हणाले, "वहिनी, खलास करा हे. मुलगी आहे, हातपाय मोडून घेईल. आणि वंदनेची मेणबत्ती लोखंडाला?" आईनं मेणबत्ती माझ्या हातातून हिसकावली, ओढणी कमरेला खोचली आणि उन्हानं तापलेल्या दांड्याला वरपासून खालपर्यंत स्वतः चोळली. "वंदना सकाळीच झाली, भावजी," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली, "यल्ला, चल, चढ वर." चौथ्यांदाही मी पडले, तेवढं बघून काका निघून गेले. आजही भेटले की हसून विचारतात, "पडलीस ना तेव्हा?" मी बाही सारून कोपरावरचा वण दाखवते. "सहा वेळा पडले, काका. सातव्या वेळी बघायला तुम्ही नव्हता."